चोवीस रंगांचा डबा, आठ महिन्यांनंतर: गुलाबी उडाला

चोवीस हाफ पॅनचा (सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांचा) विद्यार्थी दर्जाचा जलरंगांचा डबा जवळपास रोज वापरला. लिहायचं निमित्त एकच, त्यातला झगझगीत गुलाबी. कागदावर सगळ्या रंगांच्या पट्ट्या ओढल्या, अर्धा भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाकला आणि कागद उन्हाच्या खिडकीत ठेवला. सहा आठवड्यांनी फॉइल काढलं तर उघड्या बाजूचा दाट गुलाबी मळकट फिकट झालेला, पातळ वॉश (भरपूर पाण्यात पसरलेला रंग) जवळजवळ पुसलेला. इतकी चमक बहुधा फ्लुरोसंट डायची (विरघळणाऱ्या रंगद्रव्याची) असते आणि तो डाय प्रकाशात तग धरत नाही. पॅनवर रंगाचं नाव होतं, पिगमेंटचा कोड, म्हणजे आत नेमकं कोणतं रंगद्रव्य आहे ते सांगणारा पीव्ही१९ सारखा क्रमांक, नव्हता. कोड छापलेला नसेल तर डबा घेऊच नका, मग तो कितीही स्वस्त असो.

मिश्रणांचा चिखल होतो म्हणून सुरुवातीला डब्यालाच दोष दिला होता. तो अर्धाच खरा. तयार हिरव्या-जांभळ्यांत बऱ्याचदा आधीच दोन-तीन पिगमेंट असतात, त्यात आणखी एक रंग पडला की मळकटपणा आलाच. पण अर्धवट सुकलेल्या वॉशवर पुन्हा ब्रश फिरवला, तर महागडा रंगही तसाच मळतो.

नव्याने घेणाऱ्याला सहा ट्यूब पुरतात: पिवळा पीवाय१५४, शेंदरी लाल पीआर२५५, गुलाबी पीव्ही१९, अल्ट्रामरीन पीबी२९, थॅलो ब्लू पीबी१५:३ आणि बर्न्ट सिएना पीबीआर७. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून सुंदर करडा होतो, दाट घेतला तर काळा लागतच नाही. थॅलो मात्र टोकाएवढाच घ्या, पिवळ्याला क्षणात गिळतो.

५ मिलीच्या ट्यूबमधून दोन हाफ पॅन भरून थोडा रंग उरतो. एका दमात भरू नका, वरची साय सुकते, आतला रंग ओला राहतो आणि मग तडे जाऊन वडी सुटते. एक तृतीयांश भरा, टूथपिकने ढवळून बुडबुडे काढा, दिवसभर सुकू द्या, मग पुढचा थर. वडी सुटलीच तर खाली पाण्याचा थेंब टाकून दाबा.

डब्याच्या नव्या प्लॅस्टिक झाकणावर रंग मिसळताना त्याचे मणी होतात, तो पसरत नाही. टूथपेस्टने हलकं घासलं की थांबतं.

डबा फेकायची गरज नाही. गुलाबी पॅन उपसला, त्या खाचेत पीव्ही१९ भरला. बाकीचे रंग सरावाला चालू आहेत.