समुद्री गवत मोजायचंय? सीग्रास-वॉच, सीग्रासनेट की नुसतं ॲप

"आमच्या ग्रुपला समुद्री गवताचं मॉनिटरिंग सुरू करायचंय, कुठली पद्धत घेऊ?" असं यावर्षी मला तिघाचौघांनी विचारलं, दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून टाकते. आधी एक गोष्ट क्लिअर करू, हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. हे मुद्दाम सांगतेय कारण पहिल्या दिवशी निम्मी मंडळी शेवाळाचेच फोटो काढून आणतात (मीही आणले होते).

सगळ्यात सोपं म्हणजे सीग्रासस्पॉटर. प्रोजेक्ट सीग्रास या ब्रिटिश संस्थेचं ॲप आहे, गवत दिसलं की फोटो काढा, लोकेशन जाईल, ओळखता आलं तर जात लिहा, झालं. खर्च शून्य, ट्रेनिंग नाही म्हटलं तरी चालेल. पण यातून कळतं ते एवढंच की इथे गवत आहे. कमी झालं का वाढलं ते नाही कळत, कारण जिथे काहीच दिसलं नाही तिथला फोटो कोण टाकणार! आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांसाठी मात्र मी सुरुवातीला हेच सांगेन. तिथे हॅलोफिला बेक्कारी नावाची जात चिखलात वाढते, पानं नखाएवढी, बघणाऱ्याला हिरवट चिखलच वाटतो, आणि जगाच्या यादीत तिची नोंद धोक्यात असलेली जात म्हणून आहे. आधी ती कुठे कुठे आहे हे तर कळू दे, मोजायचं नंतर बघू.

मोजायचंच असेल तर सीग्रास-वॉच. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये सुरू झालं, आणि पद्धत बनवलीय तीच मुळी गावच्या लोकांना जमेल अशी. ५० बाय ५० मीटरचा तुकडा घ्यायचा, त्यात ५० मीटरच्या तीन टेपा २५ मीटर अंतराने समांतर टाकायच्या, प्रत्येक टेपेवर दर ५ मीटरला ५० सेंटीमीटरची चौकट ठेवायची, म्हणजे टेपेमागे ११ आणि एकूण ३३ चौकटी. चौकट पीव्हीसी पाईपची, कुठलाही प्लंबर बनवून देतो. प्रत्येक चौकटीत गवताने किती टक्के जागा व्यापलीय, कुठल्या जाती, पानांची उंची, शेवाळ किती, खाली वाळू की चिखल, आणि एक फोटो. समुद्री गाय (डुगाँग, हेच गवत खाणारा सस्तन प्राणी) चरून गेल्याच्या खुणा दिसल्या तर त्याही लिहायच्या.

कटकट आहे ती टक्क्यांची. एकाच चौकटीला आमच्यातली एक म्हणाली ३० आणि दुसरा म्हणाला ५५, आणि दोघंही ठाम! त्यासाठी तुलनेचे फोटो-कार्ड असतात, ते समोर धरून सराव केला की फरक बराच कमी होतो, पण सराव करावाच लागतो, आणि माणसं दरवेळी बदलत राहिली तर आकडे गवताचे नसून माणसांचे होतात. म्हणून तीच चारपाच जणं दोन वर्षं येणार असतील तरच हे घ्या.

सीग्रासनेट २००१ पासून आहे. कायमच्या तीन रेषा, पण किनाऱ्याला समांतर, एक उथळ पाण्यात, एक मध्ये, एक खोल, आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी यायचं. सोबत तापमान, खारेपणा, प्रकाश, शिवाय गवताचं वजन काढायला मातीसकट नमुने. डेटा जबरदस्त मिळतो, गवत का कमी होतंय याच्या जवळ जाता येतं. पण डायव्हर पाहिजेत, ओव्हन आणि काटा असलेली लॅब पाहिजे. जवळपास कॉलेजचा सागरी विज्ञान विभाग तयार असेल तर विचार करा, नाहीतर दोन राऊंडनंतर बंद पडतं. आणि आपल्याकडे समुद्री गवत सीआरझेड-१ए मध्ये (किनारपट्टीच्या नियमांतला सगळ्यात संवेदनशील भाग) येतं, मरीन नॅशनल पार्क असेल तर वनखात्याची परवानगी लागतेच, उपटून नमुने न्यायचे म्हटलं की अजून कागदपत्रं.

जागेनेही निर्णय बदलतो. कच्छच्या आखातात ओहोटीला पाणी लांबवर आत जातं, नरारासारख्या ठिकाणी चालत मोजता येतं, सीग्रास-वॉचला याहून सोयीचं काय. पाल्कच्या सामुद्रधुनीत उलटं, भरती-ओहोटीचा फरक फारच थोडा, गवत उघडं पडतच नाही, म्हणजे तीच चौकट घेऊन पण मास्क-स्नॉर्कल लावून. तिथे तामिळनाडूने २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं समुद्री गायींसाठी राखीव क्षेत्र केलंय, आणि या कामात मासेमार पाहिजेतच, रोज पाण्यात तेच असतात.

लक्षद्वीपच्या अगत्तीचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवा. तिथे हिरवी कासवं इतकी वाढली की लगूनमधलं (प्रवाळांच्या आतलं उथळ पाणी) गवत चरून चरून विरळ झालं, आणि मासे कमी झाले म्हणून मच्छीमार कासवांवर चिडले. टक्के नुसते घसरलेले दिसले असते तर आपण प्रदूषण-प्रदूषण करत बसलो असतो. म्हणून कुठलीही पद्धत घ्या, पानांची उंची आणि चावल्याच्या खुणा सोडू नका, आणि मच्छीमार काय म्हणतात त्याला फॉर्ममध्ये एक वेगळी ओळ ठेवा.

लागवड करू या का, हा प्रश्न पण येतोच. बांबूच्या चौकटीला काथ्याची दोरी बांधून गवत लावण्याचे प्रयोग पाल्कमध्ये झालेत, पण ट्रॉलर आणि नांगर त्याच जागी घासत राहणार असतील तर वर्षभराची मेहनत एका दिवसात जाते. आधी ते थांबतंय का बघा.

तर माझा सल्ला: पहिलं वर्ष ॲपवर नकाशा करा, मग एकच जागा निवडून सीग्रास-वॉच, तीन जागांचा हट्ट नको. तारीख ठरवताना रविवार नाही तर तिथी बघा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सगळ्यात खाली जाते, भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा) गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून काही दिसत नाही. आणि चप्पल नको, जुने बूट घाला, पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) लपलेला असतो.