फ्लाइट सिम्युलेटरवर सेस्ना १७२ उतरवताना

सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या लँडिंगचा क्रम अंगवळणी पाडायला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा संगणकावरचा विमान उडवण्याचा खेळ उत्तम. वेग ८५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आत आल्यावरच फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, पूर्ण ३० अंशांवर न्यायचे. मग ६५ नॉट धरायचे, उतरण्याचा दर मिनिटाला साधारण ३२५ फूट. पापी (PAPI), म्हणजे उतरण्याचा कोन दाखवणारे धावपट्टीशेजारचे चार दिवे: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे ३ अंशांच्या उताराची वाट बरोबर. चारही लाल? फार खाली आलात.

फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेणं, मात्र इथे पूर्ण शिकता येत नाही. ७५ नॉटने आलात तर विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. घाईनं नाक दाबलं की पुढचं चाक आधी आपटून उसळ्या सुरू. एवढं समजतं, पण सपाट पडद्यावर शेवटच्या दहा फुटांचा अंदाज येत नाही आणि विमान खाली बसतंय हे बुडाला कळत नाही. आडव्या वाऱ्याच्या सरावाला कीबोर्ड निरुपयोगी. रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायानं दाबायची पेडलं, घ्याच.