गच्चीवरचं ग्राउंड स्टेशन : आरटीएल-एसडीआर डोंगल किट

पाचेक हजारांत उपग्रहाचा सिग्नल घरी पकडता येतो का? येतो. पण सोबत येणाऱ्या अँटेनाच्या भरवशावर राहू नका.

हे डोंगल म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठीचा. त्यातली चिप कच्चा सिग्नलही सोडते, हे 2012 च्या सुमारास हौशी मंडळींनी शोधलं आणि त्याचा रेडिओ झाला. इंदिरानगरात जोडल्याजोडल्या आकाशवाणी नाशिक, 101.4, स्क्रीनवर दणदणीत उभं राहिलं. तोच जोर पुढे उपग्रहाच्या 137 मेगाहर्ट्झवर नडतो. एफएम रोखणारा फिल्टर लागतोच, आणि किटमध्ये तो नाही.

किटमधल्या अँटेनाच्या दांड्या जराशा वाऱ्यानेही हलतात. मी प्रत्येकी 53 सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या सळ्या पीव्हीसी पाइपला 120 अंशांत आडव्या बसवल्या, तोंड उत्तरेला. सोसायटीत 'कपडे वाळत घालायला का?' अशी चौकशी झाली.

रशियाचा मेटिऑर-एम हा हवामान उपग्रह सुमारे 820 किलोमीटरवरून उत्तर-दक्षिण जातो, डोक्यावरून गेला तर पंधराएक मिनिटं हाती लागतो. येताना फ्रीक्वेन्सी थोडी वर, जाताना खाली. आपल्या नारायणगावजवळच्या आर्वीच्या विक्रम स्टेशनला ही धावपळ नव्हती: 1972 मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्राचा उपग्रह भूस्थिर, आकाशात जवळपास एकाच जागी. परदेशी फोन तिथून जायचे. इस्रोच्या इस्ट्रॅक या ग्राउंड स्टेशनांच्या जाळ्याचं काम वेगळं. उपग्रह नेमका कुठे आहे हे मोजायचं, त्याची तब्येत विचारायची, आज्ञा द्यायच्या. बंगळूरजवळ ब्यालालूची 32 मीटरची डिश चांद्रयान-1 साठी उभारली, ती लक्ष्यामागे फिरते. माझ्या सळ्या फिरत नाहीत, नुसतं ऐकतात. उपग्रह पांडवलेण्याच्या डोंगराआड कलला की चित्र तुटतं.

पण जुळलं की सॅटडंप या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी पट्टी करत अरबी समुद्रावरचे ढग उतरतात, किनारा ओळखू येतो. पैसे तिथेच वसूल.

जुने व्हिडिओ बघून अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांसाठी घेणार असाल तर थांबा: 15, 18 आणि 19 हे तिन्ही 2025 मध्ये बंद झाले. डोंगलला चार तारे, अँटेनाला दीड. डोंगल तापतं, उन्हात गच्चीवर ठेवू नका. केबल मात्र आखूडच घ्या.