पुढचे दात बसवायला गेले आणि १,३८,५०० रुपयांना बुडाले

लाज वाटतेय, तरी लिहितेय. कारण सांगलीतल्या त्या दवाखान्यात आजही रविवारी गर्दी असते.

गाडीवरून पडून माझे वरचे पुढचे चार दात गेले, त्याला बरीच वर्षं झाली. दात गेला की खालचं हाड झिजत जातं, आणि पुढच्या दातांची ओठाकडची हाडाची भिंत मुळातच कागदासारखी पातळ. हिरडी आत बसली, कवळी बोलताना हलायची. या दवाखान्यात म्हणाले, "ताई, पुण्याचे स्पेशालिस्ट दर रविवारी येतात. हाडाची पावडर भरून एकाच बैठकीत इम्प्लांट बसवतील." दोन इम्प्लांटचे, म्हणजे हाडात बसवायच्या स्क्रूंचे, ७०,०००, पावडर आणि ती झाकायच्या पडद्याचे २८,५००, चार दातांच्या ब्रिजचे, म्हणजे त्या स्क्रूंवर बसवायच्या जोडलेल्या दातांचे, ४०,०००.

खटकायला हवं होतं ते बिलापाशी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पक्कं बिल घेतलंत तर अठरा टक्के जीएसटी लागेल." धडधडीत खोटं! अपघातात गेलेले दात बसवणं हा उपचार आहे, त्यावर जीएसटी नसतो. पण २४,९३० रुपये वाचतायत म्हटल्यावर सामान्य माणूस काय करणार? दवाखान्यात जाताना कोणी कायद्याचं पुस्तक घेऊन जातं का? इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी आणि बॅच नंबरचं स्टिकर मागितलं, तर "डबी टाकून दिली." स्टिकर हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

काही महिन्यांत हिरडीतून स्क्रूचे आटे दिसायला लागले. मिरजेत सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढला. हाडाची रुंदी जेमतेम ३ मिलिमीटर! नेहमीच्या इम्प्लांटला साधारण ६ लागते. पावडरीचा मागमूस नाही. सांगलीच्या दवाखान्याने फक्त ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, काढला होता, त्यात हाडाची उंची कळते, रुंदी नाही. इतकं हाड गेलेलं असेल तर आधी हाड वाढवून काही महिने थांबावं लागतं. तोवर गुलाबी हिरडीची कवळी वापरा, ओठाला आधार मिळतो.

दवाखाना म्हणतो, ते डॉक्टर आता येत नाहीत. पोलीस म्हणाले, "हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा." महापालिकेत म्हणाले, दातांचं आमच्याकडे येत नाही. डेंटल कौन्सिलकडे तक्रार करायची तर डॉक्टरचं नाव हवं, आणि माझ्या फाइलवर ऑपरेशन कोणी केलं तेच लिहिलेलं नाही! पैसे गेलेल्या बाईनेच पुरावे गोळा करत फिरायचं, आणि खुर्चीवरच्यांनी फक्त पुढचं टेबल दाखवायचं?

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी फोनपेचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार टाकली आहे. त्या रविवारच्या डॉक्टरकडे तुम्हीही दात बसवले असतील आणि कागदावर त्याचं नाव असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि मला कळवा.