लोगो आणि व्हिजिटिंग कार्ड करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू (डिझाइन करून घेणाऱ्यांनी जरूर वाचा)

आमची छोटी कंपनी आहे, पंप आणि मोटर दुरुस्तीची. नवीन लोगो आणि व्हिजिटिंग कार्ड दोन्ही एकाच डिझाइन स्टुडिओकडून करून घेतलं. नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात. एकूण काम मला आवडलं, पाचपैकी चार स्टार, लोगोला पाच दिले असते पण कार्डाच्या बाबतीत पाठपुरावा करावा लागला.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पहिल्या मीटिंगला त्यांनी आवडता रंग वगैरे काही विचारलं नाही, विचारलं की लोगो कुठे कुठे लागणार. आम्ही सांगितलं कार्ड, बिल, गाडीचं दार, टेक्निशियनच्या शर्टावर भरतकाम, व्हॉट्सअ‍ॅपचा गोल डीपी आणि दुरुस्त केलेल्या पंपावर लावायचं छोटं स्टिकर. त्यावरच निम्मं काम ठरलं, कारण भरतकामात एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी शेड नीट येत नाही, बारीक रेषा दोऱ्यात हरवतात, आणि गोल डीपीत लांबलचक आडवा लोगो बसतच नाही.

मग तीन पर्याय आले, तिन्ही काळे-पांढरे. माझा पार्टनर वैतागला, म्हणाला रंग कुठेत? पण मला हे फार पटलं, कारण रंग असला की आपण रंगालाच हो म्हणतो, आकाराकडे बघतच नाही. आणि रबरी शिक्क्यावर किंवा झेरॉक्सवर लोगो शेवटी एकाच रंगात जातो, तिथे टिकला पाहिजे.

त्याहून भारी म्हणजे तिन्ही लोगो त्यांनी साध्या कागदावर खऱ्या साइझला प्रिंट करून आणले, स्टिकरचा 12 मिमीचा आणि दारासाठी हातभर मोठा. पहिला पर्याय होता पाण्याचा थेंब आणि आत गिअर, स्क्रीनवर सगळ्यात छान तोच दिसत होता, पण 12 मिमीला गिअरचे दात शाईने भरून गेले आणि नुसता काळा ठिपका उरला. दुसऱ्यात नावाची अक्षरं पाइपसारखी वळवलेली होती, ती जवळ धरूनही वाचता येईनात. तिसरा म्हणजे तीन वाकडी पाती, पंपाच्या इम्पेलरसारखी (पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक), आणि शेजारी सरळ ठळक अक्षरात नाव. तो लांबूनही कळत होता आणि बारीक असतानाही, तोच घेतला.

पार्टनरला आख्खा पंप काढून हवा होता, गिऱ्हाइकाला धंदा कळायला पाहिजे म्हणून. मी त्याला नायकेचं उदाहरण दिलं, 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने 35 डॉलरमध्ये त्यांचं बरोबरच्या खुणेसारखं चिन्ह काढून दिलं, त्यात ना बूट आहे ना धावणारा माणूस. (पुढे 1983 मध्ये कंपनीने तिला शेअर्सही दिले.) धंदा काय ते खाली एका ओळीत लिहिता येतं, लोगो ओळखू आला की झालं.

दुसऱ्या एका ठिकाणाहून पण नमुने मागवले होते, त्यांनी काळ्या जाड कार्डावर सोनेरी लोगो, बाजूने मस्त उजेड पडलाय असे फोटो पाठवले. असे फोटो बघून लोगो अजिबात ठरवू नका. त्या उजेडात कुठलाही लोगो महागडाच वाटतो.

आता कार्ड. साइझ 85 बाय 55 मिमी, जवळपास बँकेच्या कार्डाएवढं, म्हणजे पाकिटात बसतं. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जास्तीची छपाई) त्यांनी न सांगता ठेवलं होतं. इथपर्यंत उत्तम. पण फोन नंबर ठेवला होता बारीक फॉन्टमध्ये, तोही फिकट राखाडी! आमची कार्डं बघणारा माणूस अंधाऱ्या पंपरूममध्ये उभा असतो हो. शिवाय राखाडी रंग छपाईत बारीक ठिपक्यांनी बनतो, त्यामुळे छोट्या अक्षरांच्या कडा फुटतात. डिझायनरचं म्हणणं की काळं केलं तर कार्ड जड दिसेल. दोन-तीनदा सांगितल्यावर नंबर एकदाचा शंभर टक्के काळ्यात आणि मोठा झाला, आणि आता कार्डावर सगळ्यात आधी नजर तिथेच जाते.

कागदावर पण बरीच चर्चा झाली. आमची पोरं कार्डाच्या मागे पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहून देतात, लॅमिनेशनवर साधं बॉलपेन चालत नाही, शाई पुसली जाते. मी म्हटलं पुढूनच लॅमिनेशन करा, तर त्यांनी सांगितलं एका बाजूने केलं तर कार्ड वाकू शकतं. हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून बरं झालं, शेवटी 350 जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) बिनाकोटिंगचा कागद घेतला, हाताला पण छान लागतो.

मात्र असा कागद शाई पितो आणि रंग मंद दिसतो, म्हणून टेस्ट प्रिंट मागितली, आणि तिथेच निळ्या रंगाचा घोळ सापडला. स्क्रीनवर झकास निळा होता तो छापून चक्क जांभळा आला, कारण निळ्यात मॅजेंटाचं (गुलाबी शाई) प्रमाण सायनच्या (आकाशी शाई) फार जवळ ठेवलं होतं. मॅजेंटा कमी केल्यावर बरोबर झाला. टेस्ट प्रिंट स्टुडिओने आपणहून द्यायला हवी होती, मागावी लागली, एक स्टार तिथेच गेला.

फाइल्सच्या बाबतीत तक्रार नाही. एआय (इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची फाइल) आणि एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फुटणाऱ्या फाइल्स, शिवाय पीडीएफ, बिनबॅकग्राउंडचा पीएनजी, फॉन्टचं नाव, रंगांचे आकडे आणि एकरंगी लोगो वेगळा, सगळं एका फोल्डरमध्ये दिलं. नुसता जेपीजी देऊन कुणी मोकळं होत असेल तर फायनल पेमेंट थांबवा, कारण दारावर मोठा केला की तो फुटणार. लोगोचे हक्क आमच्या नावावर केल्याचं लेखी पण दिलं, ते नक्की घ्या, बऱ्याच देशांत पैसे दिले म्हणून कॉपीराइट आपोआप आपला होत नाही. आणि चिन्ह रेडीमेड टेम्प्लेटमधलं नाही ना तेही विचारून घ्या, तसं असेल तर तेच चिन्ह उद्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर दिसू शकतं आणि ट्रेडमार्क करताना अडचण येते.

लेटरहेड पण यांच्याकडूनच करून घेणार आहे, फक्त यावेळी टेस्ट प्रिंटचं आधीच लिहून घेईन.