४७ नंबरची जांभळी जर्सी कोल्हापुरात करून घेतली, त्याचा अनुभव

ग्राउंडवर तिघा-चौघांनी विचारलं की ही जर्सी ऑनलाइन मागवली का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ऑनलाइन नाही, इथंच करून घेतली, लक्ष्मीपुरीत. जिना चढून वर गेलं की पेठांच्या फुटबॉल टीमच्या जर्स्या दोरीला टांगलेल्या दिसतात, ते दुकान. एक पीस ५५० रुपये, नाव आणि नंबर धरून. सहा दिवस लागले, त्यातले दोन नावातल्या एका चुकीमुळं.

मी सांगितलं युटा जॅझची, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या टीमची जर्सी पाहिजे, जुनी, जांभळी, छातीवर डोंगर असलेली, मागं किरिलेंको ४७. मालक म्हणाले, बास्केटबॉलवाली पोरं सगळी २३ नाहीतर ३० घालून नेतात, हे ४७ काय काढलंय, एके ४७ का? म्हटलं मालक, अगदी तेच. आंद्रेई किरिलेंको, म्हणजे ए आणि के, नंबर ४७, आणि गडी जन्मला इझेव्हस्कमध्ये, जिथं ती कलाश्निकोव्ह रायफल बनते त्याच गावात. मालकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि चहा सांगितला. मला हे दुकान तिथंच आवडलं, कारण बाकी दोन ठिकाणी मला "फाइल आणा, प्रिंट मारतो" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

आता हा किरिलेंको कोण ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) जॅझनं त्याला २४ व्या नंबरवर घेतला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याच्या आधी कुठला रशियन पहिल्या राउंडला गेलेला नव्हता. दोन वर्षं तो रशियातल्या सीएसकेए मॉस्को क्लबकडंच खेळला आणि २००१ ला युटात आला, स्टॉकटन आणि मलोन ह्या दोन दिग्गजांच्या टीममध्ये. २००३ ला स्टॉकटन रिटायर, मलोन लेकर्स ह्या दुसऱ्या टीमला, सगळे म्हणाले आता ही टीम तळाला जाणार, आणि त्या सीझनला ह्यांनी ४२ मॅच जिंकल्या, हरल्या ४०. किरिलेंको ऑलस्टार (लीगमधल्या निवडक बेस्ट खेळाडूंच्या मॅचसाठी निवडलेला) झाला तो त्याच वर्षी.

आणि तो स्कोअरर म्हणून ऑलस्टार झाला नव्हता, हे मला त्याचं सगळ्यात आवडतं. पॉइंट, रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होतो तो पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं), पाचही गोष्टी एकाच मॅचमध्ये पाच किंवा जास्त, ह्याला फाइव्ह बाय फाइव्ह म्हणतात. भल्याभल्यांना आख्ख्या करिअरमध्ये एकदा जमत नाही, आणि ह्यानं डिसेंबर २००३ मध्ये एका आठवड्यात दोनदा केलं. पुढं जानेवारी २००६ ला लेकर्सविरुद्ध १४ पॉइंट, ८ रिबाउंड, ९ असिस्ट, ६ स्टील, ७ ब्लॉक. असे तीन गेम, त्याच्यापुढं फक्त हकीम ओलाजुवॉन. २००४-०५ ला मॅचमागं ब्लॉक करण्यात अख्ख्या एनबीएत पहिला, आणि तो काही सात फुटी सेंटर नाही, ६ फूट ९ इंचाचा सडपातळ फॉरवर्ड. मागून धावत येऊन बोर्डला लागायच्या आधी बॉल काढायचा, समोरच्याला वाटायचं लेअप सोप्पाय.

बरं, जर्सी. ह्या दुकानात मुख्य काम सब्लिमेशनचं, म्हणजे डिझाइन आधी कागदावर छापतात आणि मग गरम प्रेसखाली पांढऱ्या पॉलिस्टरवर उतरवतात. रंग कापडात मुरतो, वर थर बसत नाही त्यामुळं सोलटत नाही. पण जांभळा हा लई बेकार रंग आहे, स्क्रीनवर एक दिसतो आणि कापडावर दुसराच. पहिला तुकडा मारला तो सरळ निळ्याकडं गेला, दुसरा वांग्यासारखा, तिसरा गुलाबी. मालकांनी हे तिन्ही तुकडे खिडकीत नेऊन उन्हात माझ्या मोबाइलशेजारी धरले आणि म्हणाले, हे नाही, अजून थोडा लाल कमी करायला पाहिजे. चौथा तुकडा बरोबर आला. एका जर्सीसाठी चार तुकडे, आणि त्याचे एक्स्ट्रा पैसे घेतले नाहीत. ते चौथं फडकं मी मागून घेतलंय, कपाटात आहे.

चुका पण सांगतो. पाठीवरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, किरिलेंकोचं किरिलांको झालं होतं. मी डिलिव्हरी घेताना वाचलं म्हणून कळलं, मालकांनी लगेच मान्य केलं आणि मागचा भाग परत छापून दिला, त्यात दोन दिवस गेले. मोठी अडचण होती ती कटिंगची. ह्यांच्याकडं बाह्यांच्या टी-शर्टचे सगळे साचे आहेत, बिनबाह्यांचा म्हणजे कबड्डीचा. त्या साच्यावर शिवलेली जर्सी शॉटला हात वर केला की काखेत कापायची आणि खालून बेंबीपर्यंत वर यायची. मी दुसऱ्या दिवशी माझी जुनी बास्केटबॉलची जर्सी घेऊन गेलो, शिवणाऱ्या मास्तरांनी ती टेबलावर उलटी पसरून खडूनं काखेचा आकार उतरवून घेतला, लांबी दोन इंच वाढवली. आता हात कितीही ताणा, हलत नाही. तुम्ही गेलात तर मापाला जुनी जर्सी न्याच, हा साचा आता त्यांच्याकडं आहे पण प्रत्येकाचं अंग वेगळं असतंय. गळ्याच्या मागची शिलाई मात्र अजून टोचते, त्यांना सांगितलंय.

मास्तर खडू मारता मारता मला म्हणाले, मग हा गडी चॅम्पियन झाला का? हे मी जरा सावकाश सांगितलं. २००७ साली जॅझमध्ये बूझर आणि डेरॉन विल्यम्स हे नवे स्टार होते, ह्याच्या हातात बॉलच येईना, मॅचमागं १५ पॉइंट करणारा माणूस ८ वर आला, आणि प्लेऑफ (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या) चालू असताना प्रॅक्टिसच्या वेळी पत्रकारांसमोर रडला. ८६ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट असलेला माणूस रडतोय म्हणून लोकांनी काय काय बोललं त्याला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात माद्रिदला युरोबास्केटची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची फायनल, समोर स्पेन, त्यांचंच ग्राउंड, त्यांचा गसोल वगैरे सगळे स्टार, आणि रशियानं ६०-५९ जिंकली. शेवटचा शॉट रशियाच्याच होल्डनचा होता पण टुर्नामेंटचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू, किरिलेंको. एप्रिलमध्ये रडलेला माणूस सप्टेंबरात युरोपचा बेस्ट प्लेअर. मास्तर खडू तसाच धरून ऐकत होते. एनबीएची रिंग, म्हणजे चॅम्पियनला मिळते ती अंगठी, त्याला मिळाली नाही हे पण सांगितलं, आणि २०१२ ला सीएसकेएकडून युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, एमव्हीपी झाला त्या वर्षी फायनल एका पॉइंटनं, ६२-६१ नं ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडं गेली. पण त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकला रशियानं अर्जेंटिनाला ८१-७७ हरवून ब्राँझ घेतलं, ती मॅच मी घरी टीव्हीवर बघितली होती, आईनं जेवायला तीनदा हाक मारली तरी उठलो नाही. पुढं मिनेसोटा, ब्रुकलिन, परत सीएसकेए, आणि २०१५ ला खेळणं थांबवून रशियाच्या बास्केटबॉल फेडरेशनचा अध्यक्ष.

आठ धुण्या झाल्या, मशिनमध्ये नाही, हातानं, साधं पाणी. रंग जसाच्या तसा आहे, डोंगराची कड पण फिसकटलेली नाही. कापड डॉट निट (बारीक ठिपक्यांच्या विणीचं पॉलिस्टर), घाम लवकर वाळतो, एप्रिलच्या संध्याकाळी दोन तास खेळून पण अंगाला चिकटत नाही. ५५० ला हे मला स्वस्त वाटलं. ओरिजनल थ्रोबॅक, म्हणजे जुन्या डिझाइनची कंपनीची जर्सी, हजारांत जाते आणि त्यात किरिलेंको मला सापडला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क गळ्याच्या शिलाईचा. सिंगल पीस घेतात, नाही म्हणत नाहीत. फक्त फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की जाऊ नका, तेव्हा तालमींच्या (इथल्या फुटबॉल टीम त्यांच्याच) ऑर्डरी असतात आणि तुमच्या एका पीसला महिना लागेल. मी जून संपताना परत जाणार आहे, रशियाच्या २००७ च्या जर्सीचे फोटो गोळा करून ठेवलेत आणि मास्तरांनी साचा भिंतीला अडकवून ठेवलाय, त्यावर पेनानं ४७ लिहिलंय.