रुगर एलसीआर घेतलं, पण हलकंवालं नाही

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. रुगर कंपनीचं एलसीआर हे छोटं रिव्हॉल्व्हर, .३५७ मॅग्नम या जोरदार गोळीचं मॉडेल, आणि आत गोळ्या मात्र .३८ स्पेशलच्या, म्हणजे सौम्य. हो, .३५७ मध्ये .३८ चालते, उलटं चालत नाही. मॅग्नम मी त्यातून मारून बघितलीय, तळहात झिणझिणतो आणि पुढची गोळी कुठे जाते देव जाणे, त्यामुळे तो नाद नाही. मग .३५७ चं कशाला घेतलं? तर निव्वळ वजनासाठी.

इथे ह्यूस्टनला गन शॉपमध्ये बाई काउंटरला उभी राहिली की समोर काय ठेवतात ते ठरलेलं आहे, सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं आणि जमलं तर जांभळ्या नाहीतर गुलाबी ग्रिपचं. वर "लहान हातांना एकदम परफेक्ट मॅम". दुकानात हातात घेतलं की खरंच छान वाटतं, कारण दुकानात ते उडवायचं नसतं ना! गोळी तीच, बारूद तेवढीच, बंदूक जितकी हलकी तितका धक्का हातात जास्त येणार, हे फिजिक्स नववीतल्या पोरालाही माहीत असतं पण काउंटरवर कोणी बोलत नाही. परिणाम असा होतो की बायका पाच गोळ्या मारतात, मनगट चोळतात आणि ती वस्तू पर्समध्ये टाकून देतात, पुन्हा प्रॅक्टिस नाही. आमच्या ओळखीत असे नमुने आहेत, नवरे धरून.

माझ्या लिस्टमध्ये शेवटी तीन उरली होती. स्मिथ अँड वेसनचं ६४२, एलसीआर .३८ आणि एलसीआर .३५७. तिन्ही पाच गोळ्यांची, नळी दोन इंचापेक्षा जराशी कमी, हॅमर आत लपलेला म्हणजे कपड्यात अडकायला काही नाही. ६४२ साधारण ४१० ग्रॅम, एलसीआर .३८ साधारण ३८० आणि .३५७ साधारण ४८५. शंभरेक ग्रॅमचा फरक ऐकायला काहीच नाही पण हातात जमीन अस्मानाचा आहे. ६४२ ची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, .३८ वाल्या एलसीआरचीही तीच, .३५७ ला स्टेनलेस स्टील, तिथून ते वजन येतं.

६४२ ला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, दिसायला तेच सगळ्यात देखणं. त्या घराण्याचं पहिलं मॉडेल १९५० चं, चीफ्स स्पेशल, पोलीस प्रमुखांच्या परिषदेत दाखवलं म्हणून ते नाव पडलं, आणि हॅमर लपवलेली सेंटेनियल जात कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५२ ला आली. एवढी वर्षं चाललंय म्हणजे होल्स्टर (बंदुकीचं कव्हर), ग्रिप, स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) काय हवं ते मिळतं. एलसीआर त्यामानाने कालचं पोर, २००९ चं, ग्रिपकडचा भाग चक्क पॉलिमरचा. माझे सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणाले प्लास्टिकचं का घेतलंस गं, तर त्यांना सांगितलं बाबा गोळी प्लास्टिकमधून जात नाही.

पण ट्रिगर. इथे एलसीआर बाजी मारतं, माझ्या मते तरी. या रिव्हॉल्व्हरना वेगळं सेफ्टीचं बटण नसतं, लांब आणि जड ट्रिगर हीच सेफ्टी. प्रत्येक वेळी बोटाने हॅमर मागे ढकलायचा, सिलिंडर फिरवायचा आणि मग गोळी, सगळं एका ओढीत. ६४२ मध्ये ती ओढ शेवटी शेवटी जड होत जाते आणि नेमकं तिथेच माझ्या नळीचं टोक हलतं. एलसीआरमध्ये आत एक वेगळ्या आकाराचा कॅम बसवलाय त्यामुळे जोर सगळ्या ओढीत सारखा पसरतो, ओढायला लागणारा जोर फार कमी आहे असं नाही पण ओढ सरळ जाते. एक मात्र सांगते, ट्रिगर सोडताना पूर्ण पुढे जाऊ द्यायचा, अर्ध्यातून परत ओढायची सवय लागली तर घोटाळा.

गोळ्यांचं. मी १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर वापरते, चपट्या तोंडाची, मुळात टार्गेटसाठीची. हसू नका, एवढ्या छोट्या नळीत गोळीला वेग कमी मिळतो, हॉलो पॉइंट, म्हणजे लागल्यावर फुलणारी पोकळ टोकाची गोळी, नीट उमलेलच याची खात्री नसते, म्हणून स्नब म्हणजे असं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर वापरणारे बरेच अनुभवी लोक हीच सुचवतात आणि धक्का सौम्य. प्लस पी, म्हणजे जास्त दाबाची .३८, पण चालते तिन्हीत. मला नको.

ठेवायचं कुठे हा बायकांचा वेगळाच वैताग. सगळे रिव्ह्यू पुरुषांनी लिहिलेले, पॉकेट होल्स्टर घाला की झालं. कुठल्या पॉकेटात? लेडीज जीन्सच्या खिशात फोन मावत नाही. पर्समध्ये नको, पर्स ओढून नेली की बंदूकही गेली आणि पोरं पर्समध्ये चॉकलेट शोधतात. मी कमरेचा बेलीबँड वापरते, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक कव्हर असलेला, वर सैल कुर्ता. ऑगस्टमध्ये घामाने जीव जातो, ते आहेच. घरी आल्यावर लगेच लॉकबॉक्स. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवली आणि त्याच्या हाती लागली तर गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं.

१ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ च्या वरच्यांना लायसन्स न घेताही कॅरी करता येतं, तरी मी एलटीसी, म्हणजे टेक्ससचं बंदूक बाळगायचं लायसन्स, काढलं, कारण शाळेच्या हजार फुटांच्या आतला फेडरल नियम वेगळा आहे, लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, आणि आमचं सोडायचं आणायचं रोजचं. त्या लायसन्सच्या नेमबाजीच्या परीक्षेत ५० गोळ्या असतात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. १५ ला या बुटक्या नळीने मारायला गेलात तर नानी याद येईल, लांब नळीचं घेऊन जा, चालतं.

आणि एक कळकळीने, एच-वन व्हिसावर असाल तर यातलं काहीच करू नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणंच फेडरल गुन्हा आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर, आणि रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेणं पण त्यातच येतं. वीकेंडला रेंजवरचे फोटो टाकणारे आपले लोक बघते तेव्हा पोटात गोळा येतो. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही.

तक्रारी? पाच गोळ्या संपल्या की मी रीलोडला कासव आहे, रिकामी टरफलं काढणारी दांडी सगळ्याच स्नबमध्ये आखूड, त्यामुळे नळी आभाळाकडे करून जोरात हाणायला लागतं. नेम धरायची पुढची साइट इवलीशी, त्यावर मी नारिंगी नेलपेंट लावलंय, आधी पांढरा कोट आणि मग नारिंगी, एकदम उठून दिसतं आणि चार डॉलरात काम झालं.